परक्यांच्या तोंडचं नाव
(प्रस्तावना)

हैदराबादच्या मलकपेठेत, अस्मानगढच्या टेकडीवर काळ्या दगडाचा एक निमुळता स्तंभ उभा आहे. त्यावर दोनच अक्षरं कोरलेली आहेत : जे. आर. खाली मिशेल जोआकिम मारी रेमों हा फ्रेंच सेनानी पुरलेला आहे. तो निजाम अली खानच्या पदरी होता. पलटणी तयार करणं आणि तोफा ओतणं हे त्याचं काम. त्याच्या ओतशाळेवरून शहरातल्या एका वस्तीला आजही गनफाउंड्री म्हणतात. जुनी माणसं तिला ‘तोप का सांचा’ म्हणतात. २५ मार्च १७९८ रोजी रेमों वारला. ‘मस्यं रेमों’ हे फ्रेंच संबोधन इथल्या जिभेवर बसेना, म्हणून मुसलमानांनी त्याला मूसा रहीम केलं आणि हिंदूंनी मूसा राम. त्याच्या कबरीवर लोक फुलं वाहू लागले, उरूस भरू लागला. जवळच्या वस्तीचं नाव पडलं मूसारामबाग.

मी याच शहरात वाढलो. मूसारामबागेच्या बसमध्ये शेकडो वेळा चढलो असेन, पण या नावात एक फ्रेंच माणूस आहे हे कळायला वयाची तिशी उलटावी लागली. कळल्यावर त्या टेकडीवर गेलो आणि बराच वेळ बसून राहिलो. दोन देशांच्या मैत्रीचं स्मारक म्हणून ही जागा कुणी बांधली नव्हती. हैदराबाद आणि फ्रान्स यांचं राजकीय नातं तर रेमोंच्या मागोमाग काही महिन्यांतच संपलं. तरीही त्याचं नाव टिकलं, कारण लोकांनी ते आपल्या तोंडाला येईल असं करून घेतलं होतं. दोन देशांची मैत्री जपणाऱ्या वास्तूंबद्दलचं हे पुस्तक हाती आलं तेव्हा मला पहिल्यांदा ही टेकडी आठवली, आणि लेखकानंही सुरुवात तिथूनच केली आहे हे पाहून बरं वाटलं.

रेमोंच्या फ्रेंच पलटणी ऑक्टोबर १७९८ मध्ये बरखास्त झाल्या. ते घडवून आणणारा इंग्रज रेसिडेंट म्हणजे जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. पुढे त्यानंच कोठीला मुसीच्या काठी रेसिडेन्सीची हवेली बांधायला घेतली. उंच खांब, वर कंपनीचं चिन्ह, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सिंह, असा तिचा थाट. १९४९पासून तिथं मुलींचं कॉलेज भरू लागलं. माझी बहीण तिथं शिकली आणि त्या पायऱ्यांवर बसून मैत्रिणींबरोबर डबा खायची. त्या भव्य खांबांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती मागच्या बागेतली एक छोटी वस्तू. कर्कपॅट्रिकनं हैदराबादच्या उमराव घराण्यातल्या खैरुन्निसाशी लग्न केलं होतं. ती पडद्यात राहायची. हवेलीची पुढची बाजू तिला बघायला मिळणार नव्हती. म्हणून त्यानं तिच्या रंगमहालाच्या बागेत त्याच हवेलीची लहानशी प्रतिकृती करवून घेतली, असं सांगतात. रंगमहाल एकोणिसाव्या शतकातच पाडला गेला. ती बाहुलीघरासारखी प्रतिकृती पडझड सोसून मागे राहिली.

या जोडप्याच्या मुलांची नावं साहिब आलम आणि साहिब बेगम. १८०५ मध्ये, शाळेत जायच्याही आधीच्या वयात, त्यांना जहाजावर बसवून इंग्लंडला पाठवलं. तिथं बाप्तिस्मा होऊन साहिब आलमचा विल्यम झाला आणि साहिब बेगमची कॅथरीन, म्हणजे घरची किटी. बाप त्याच वर्षी कलकत्त्यात वारला. आई १८१३ मध्ये गेली. मुलं तिला पुन्हा भेटली नाहीत. प्रौढपणी किटीचा हैदराबादेतल्या आजीशी, शरफुन्निसाशी, पत्रव्यवहार सुरू झाला, एवढाच काय तो धागा जुळला.

एकाच शहरातल्या या दोन गोष्टी मी शेजारी ठेवतो त्याचं कारण आहे. दोन्हीकडे परक्या मुलखात नाव बदललं. रेमोंचं नाव लोकांनी प्रेमानं आपल्या जिभेवर घेतलं. साहिब बेगमचं नाव पुसून दुसरं लिहिलं. दोन देशांच्या मैत्रीची म्हणून जी वास्तू आपल्याला दाखवली जाते, तिच्यात शिरताना मी आता हेच विचारतो : इथं कुणाचं नाव बदललं, ते कुणी बदललं आणि कशासाठी? या पुस्तकाच्या लेखकानं हा प्रश्न याच शब्दांत मांडलेला नाही, पण त्याची सारी भटकंती त्याच प्रश्नाभोवती फिरते असं मला वाचताना वाटत राहिलं.

नव्या वाचकासाठी या क्षेत्राची थोडी ओळख करून देतो. परदेशात आपली भाषा आणि संस्कृती पोचवण्यासाठी संस्था काढायची, ही युरोपातली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली कल्पना. पॅरिसमध्ये अलियाँस फ्राँसेझ १८८३ मध्ये निघाली, ब्रिटिश कौन्सिल १९३४ मध्ये. भाषेचे वर्ग, वाचनालय, एखादा चित्रपट, चित्रांचं प्रदर्शन, असा त्यांचा साचा ठरून गेला आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांनी तो जवळून पाहिला. स्वतंत्र भारतानंही १९५० मध्ये मौलाना आझादांच्या पुढाकारानं भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. या घराण्यातल्या संस्थांचं मोल मी कमी मानत नाही; माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलांना त्यांच्या वाचनालयांनी जग दाखवलं. पण त्यांची चावी शेवटी त्या त्या देशाच्या सरकारकडे असते, आणि सरकारचं धोरण बदललं की दिवे कमी होतात. आमच्या पिढीचं बालपण मॉस्कोत छापलेल्या स्वस्त, गुळगुळीत पानांच्या पुस्तकांवर गेलं. सोव्हिएत संघ मोडला आणि ती पुस्तकं बघता बघता रद्दीच्या दुकानांत दिसू लागली.

दुसरी वाट रवींद्रनाथांची. शांतिनिकेतनातलं चीना भवन एप्रिल १९३७ मध्ये उघडलं. त्यामागे तान युन-शान या चिनी अभ्यासकाची कित्येक वर्षांची खटपट होती. चीनमधून देणग्या आल्या, ग्रंथ आले. यजमान आणि पाहुणा यांनी मिळून एक घर बांधायचं, त्यात एकमेकांची भाषा शिकायची आणि जुने ग्रंथ एकत्र वाचायचे, असा हा विचार. एका देशानं दुसऱ्याच्या अंगणात उभारलेल्या दुकानापेक्षा तो मुळातच वेगळा आहे. माझ्या मते मैत्रीकेंद्र या शब्दाला शोभेल असं आपल्याकडचं पहिलं उदाहरण हेच.

तिसरी वाट प्रवाशांच्या आणि आश्रितांच्या आठवणींची, आणि ती आपल्या महाराष्ट्रातून जाते. रशियातल्या त्वेरचा अफनासी निकितिन हा व्यापारी १४६९च्या सुमारास चौलला उतरला. विकायला बरोबर एक घोडा होता. जुन्नरला तिथल्या खानानं तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून दडपण आणलं. कशीबशी सुटका करून घेऊन तो बीदरला, बहमनींच्या राजधानीत पोचला. इथं त्यानं स्वतःचं नाव ख्वाजा यूसुफ खोरासानी सांगितलं होतं. परक्या देशात निभाव लागावा म्हणून आपणच आपलं नाव बदलणारा हा माणूस, आणि रेवदंड्याला आज त्याचं स्मारक आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ मध्ये सोव्हिएत निर्मात्यांच्या साथीनं ‘परदेसी’ हा चित्रपट याच निकितिनवर केला. अब्बासांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट त्याहून ताजी. सोव्हिएत सत्तेनं घरादारातून उचलून सैबेरियात टाकलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे भारतात आली. त्यातल्या सुमारे ५,००० जणांची, मुख्यतः बायकामुलांची, वसाहत १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला होती. बराकी, शाळा, चर्च, नाटकं, असं एक छोटं पोलंडच पंचगंगेच्या खोऱ्यात नांदलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला स्तंभ त्या लोकांनी कृतज्ञतेनं उभारला, आणि वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक झालं. इथं उपकार झालेल्यांनी आठवण ठेवली. देणाऱ्यानं स्वतःचा पुतळा उभारण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आता सोलापूर. हे पुस्तक माझ्यासाठी तिथं खऱ्या अर्थानं सुरू होतं.

हैदराबादहून मुंबईला जाणारी गाडी वाडी, कलबुर्गी करत सोलापूरला पोचते. भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचं जन्मघर आहे. तिथंच सोलापूर महापालिकेनं स्मारक केलं, ते २०१२ मध्ये खुलं झालं. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. वडील गिरणीत कारकून. मुलगा मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू असताना, १९३८ मध्ये, चीनला वैद्यकीय पथक जायचं आहे अशी बातमी आली. जपानशी लढणाऱ्या चिनी सैन्याचे सेनापती झू द यांनी नेहरूंकडे मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केलं. लोकांनी २२,००० रुपये जमवले. गुलाम देशानं दुसऱ्या संकटातल्या देशाला पाच डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका पाठवली. हे वाक्य मी दर वेळी थांबून वाचतो. ज्यांच्याकडे स्वतःचं सरकार नव्हतं त्यांनी परराष्ट्रसंबंध जोडला, तोही वर्गणी काढून.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीनं पथक मुंबईहून निघालं : प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सगळ्यांत तरुणांपैकी एक असलेले कोटणीस. चीनमध्ये पाचही जणांची नावं चिनी झाली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर आलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. त्यानंतर एकेक जण मायदेशी परतला, कुणी आजारपणानं, कुणी मुदत संपल्यानं. कोटणीसांना वडील गेल्याचं कळलं तेव्हाही, घरी जा असं सांगणारे सोबती भोवती असताना, ते राहिले. उत्तरेच्या डोंगरांत, जपानी फौजांच्या पिछाडीला, हलतं रुग्णालय आणि हलती शाळा चालवत राहिले. १९४०च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास, डोळ्याला डोळा न लावता, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. त्या डोंगरांत ऑपरेशन थिएटर म्हणजे बहुधा शेतकऱ्याचं घर किंवा देऊळ. औषधं तुटपुंजी, आणि तोफांचा आवाज जवळ आला की टेबलासकट सगळं गाढवांवर लादून पुढच्या गावी. कोटणीस चिनी इतकी चांगली शिकले की त्या भाषेत वर्ग घेऊ लागले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले.

त्यांची पत्नी ग्वो छिंगलान परिचारिका होती. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. एका बाळाच्या नावात दोन देश शेजारी बसले. बाळ साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघं ३२. आज त्यांची समाधी चीनमधल्या शिज्याझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. त्याच आवारात नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यवैद्याची समाधी आहे, ज्याच्या नावाचं रुग्णालय कोटणीसांनी चालवलं.

ही गोष्ट भारतात पोचवली अब्बासांनी, त्यांच्या १९४४च्या इंग्रजी पुस्तकातून, आणि नंतर व्ही. शांतारामांनी १९४६च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटातून. स्वतः शांताराम कोटणीस झाले आणि जयश्रीबाई त्यांच्या चिनी पत्नी. हिंदीत जाताना सोलापूरच्या ‘कोटणीस’चा ‘ण’ हरवून ‘न’ झाला. माझ्या आजीनं तो चित्रपट हैदराबादेत पाहिला होता आणि मरेपर्यंत ती डॉक्टरांचा उल्लेख ‘आपले कोटणीस’ असाच, नीट ‘ण’ उच्चारून करायची.

मग आलं १९६२चं भारत-चीन युद्ध. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं या मैत्रीबद्दल मोठ्यानं बोलणं अवघड होतं. चीननं १९८२ मध्ये कोटणीसांवर टपाल तिकीट काढलं. आपण १९९३ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात सीमेवर शांतता राखण्याचा करार झाला. करारासाठी बीजिंगला गेलेले पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हैदराबाद संस्थानातले. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले, मराठी उत्तम बोलणारे, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे. तिकीट आणि करार एकाच वर्षी यावेत यात मला योगायोग कमी आणि राज्यकारभाराची रीत जास्त दिसते. कॅनडातही असंच झालं. बेथ्यून १९३९ मध्ये गेला. कॅनडानं चीनला मान्यता दिली १९७० मध्ये. आणि ग्रेव्हनहर्स्टमधलं त्याचं जन्मघर सरकारनं ताब्यात घेऊन संग्रहालय म्हणून उघडलं १९७६ मध्ये. मैत्री करणारी माणसं आधी मरतात. त्यांच्या घरांना पाटी लागते ती सरकारांना त्यांची गरज पडते तेव्हा.

हे कडू आहे, पण म्हणून ती पाटी खोटी ठरत नाही. मधल्या सुन्या वर्षांत आठवण कुणी धरून ठेवली हे महत्त्वाचं. कोटणीसांच्या बाबतीत ती घरच्यांनी धरली, चीनहून पुन्हा पुन्हा सासरच्या माणसांना भेटायला येणाऱ्या छिंगलानबाईंनी धरली, डॉ. बसूंनी धरली. बसूंनी १९५९ मध्ये चीनहून अॅक्युपंक्चर शिकून येऊन भारतात रुग्णांना सुया टोचायला सुरुवात केली. पंजाबात लुधियान्याला कोटणीसांच्या नावाचं अॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. मैत्रीचं याहून सरळ संग्रहालय मला सुचत नाही : तिथं दुखरी कंबर घेऊन माणूस जातो आणि बरा होऊन येतो.

हे सगळं आज वाचायचं कशासाठी? जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान गेले. त्या महिन्यांत अनेक ठिकाणी ‘चिनी’ हा शब्दच शिवीसारखा वापरला गेला. अशा वेळी सोलापूरच्या त्या घरात आलेल्या शाळकरी मुलाला मार्गदर्शकानं काय सांगावं? या पुस्तकाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे आणि लेखकानं तो टाळलेला नाही, म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला तयार झालो. त्याचं म्हणणं असं की मैत्रीच्या संग्रहालयानं भांडणाची दालनंही उघडी ठेवली पाहिजेत. १९४२च्या शेजारी १९६२ आणि २०२० असलं पाहिजे. मला ते पटतं. भांडण लपवणारं संग्रहालय मूल एका भेटीत ओळखतं, आणि मग त्याला खरी असलेली गोष्टही खोटी वाटू लागते. कोटणीसांनी ७२ तास जागून वाचवलेले जखमी खरे होते. गलवानला गेलेले आपले जवानही खरे आहेत. दोन्ही एकाच भिंतीवर मावतात.

एका ठिकाणी माझं लेखकाशी जमलेलं नाही. रेसिडेन्सीला त्यानं मैत्रीच्या वास्तूंत बसवलं आहे, खैरुन्निसाच्या प्रेमकथेच्या आधारावर. मी बसवणार नाही. ती सत्तेची वास्तू आहे. मैत्री फार तर मागच्या बागेतल्या प्रतिकृतीपुरती. हे मी त्याला सांगितलं. त्यानं प्रकरण बदललं नाही, पण साहिब बेगमच्या नावाची हकीकत त्यात सविस्तर आणली. वाचकांनी कोठीला जाऊन स्वतः ठरवावं.

पुस्तकाचा आवाका दख्खनचा आहे : हैदराबाद, बीदर, सोलापूर, कोल्हापूर आणि रेवदंड्यापर्यंतचा किनारा. लेखक इतिहासाचा प्राध्यापक नाही; पायी फिरणारा, चौकीदारांशी आणि शिपायांशी बोलणारा माणूस आहे. त्यामुळे इथं करारांची कलमं कमी सापडतील. कुलपाची चावी कुणाकडे असते, फोटोखालची अक्षरं कुणी रंगवली, अभिप्रायाच्या वहीत लोक काय लिहून जातात, हे जास्त सापडेल. अभ्यासकांना हे अपुरं वाटेल. मला मात्र अशा वास्तूंचं आयुष्य तिथंच दिसतं, कारण सरकारांचं आपसात बिनसतं त्या वर्षांतही झाडू मारणारी बाई रोज सकाळी दार उघडतेच.

एक उणीव मात्र उरली आहे, आणि ती मी लेखकाच्या परवानगीनं इथं नोंदवतो. त्या पाच डॉक्टरांत दुसरे मराठी डॉक्टर होते ते नागपूरचे चोळकर. तेही १९३८ मध्ये त्याच बोटीवर चढले, त्यांनाही चिनी नाव मिळालं, झुओ केहुआ. या पुस्तकात त्यांच्या वाट्याला दोन ओळी आल्या आहेत. लेखक येत्या हिवाळ्यात नागपूरला जायचं म्हणतो. मी त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे की दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्यासाठी पानं मोकळी ठेव.

हैदराबाद